जिलबीनं बिघडलेला माठ

कच्छमधल्या लूणवांढ गावात कुणी डाळिंब सोललं, की सालं टाकण्याआधी घरातलं एक माणूस हमखास विचारायचं, "जुसबभा येऊन गेला का?" गेला नसेल तर सालं पिशवीत भरून फाटकाच्या खिळ्याला लटकायची. कांद्याची टरफलं, चहाचा चोथा, गंजके नाल, मोडक्या विळ्या, खजुरीखाली पडून आंबलेली ओली खारीक, हे सगळं जुसब खत्रीच्या मालकीचं आहे असं गावानं कधीच मान्य करून टाकलं होतं. डाळिंबाच्या सालींतून तो पिवळा काढायचा, गंजकं लोखंड गुळाच्या मळीत तीन आठवडे कुजवून काळा, आणि कांद्याच्या टरफलांतून एक असा रंग, की ज्याला तो स्वतःच "ठीक आहे" म्हणायचा. त्याच्या अंगणात शिरताना नवखा माणूस नाकाला रुमाल लावायचा. दोरीवर वाळणारी, ठशांनी छापलेली अजरखची चादर दिसली की रुमाल आपोआप खाली यायचा आणि बहुधा तिथंच विसरला जायचा. जुसब तो धुऊन, रंगवून, पुढच्या खेपेला परत करायचा.

त्याच्यात एकच खोड होती. तो खोटं बोलत नसे. बोलायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून नव्हे, तर त्याला ते येतच नव्हतं, जशी कुणाला शीळ घालता येत नाही. एकदा भुजहून आलेल्या बाईंनी ओढणी हातात घेऊन विचारलं, "हे पूर्ण नैसर्गिक आहे ना?"

"आहे. गेल्या आठवड्यात त्यात पाल पडली होती. तीही नैसर्गिकच."

बाईंनी ओढणी खाली ठेवली.

"आणि हा कांद्याचा पिवळा आहे," जुसब मनापासून म्हणाला. "दोन उन्हाळ्यांत उडेल. मग मला शिव्या द्याल. तो डाळिंबाचा घ्या, तो टिकतो. फक्त त्याच्या कोपऱ्याला डाग पडलाय, बघा, इथं."

धंदा असा चालत नाही. जुसबचा चालला, तो बायकोमुळे.

हलीमाबाई ही आसपासच्या पाच गावांतली सर्वांत पट्टीची थापाडी. हे मी निंदेनं सांगत नाही. खत्र्यांच्या, म्हणजे रंगाऱ्यांच्या घरात निळीचा माठ असतो, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला. त्यातली नीळ आंबलेली असते, जिवंत असते. तिला भूक लागते, थंडी वाजते, अपचन होतं. ती बिघडली की कापड धड निळं होत नाही, नुसतं मळकट होतं. मग चुना घाला, गूळ घाला, भोवती शेणाची ऊब करा, सगळं करा. पण खरा उपाय म्हणजे घरातल्या माणसानं गावात जाऊन एक लोणकढी थाप मारायची. जितकी मोठी थाप, जितकी लांब पसरेल, तितका माठ लवकर सुधारणार. अटी तीन. थापेनं कुणाचं वाईट होता कामा नये. थाप घरच्याच माणसानं मारायची. आणि माठ सुधारल्यावर पहिल्या कापडाच्या तीन दिवसांत तीन बुड्या होईपर्यंत थाप उघडी पडता कामा नये, नाहीतर माठ पुन्हा बसतो, तो कायमचा.

हलीमाबाईच्या थापा लोक अजून आठवतात. भुजच्या तळ्यात देवमासा आला आणि सकाळच्या बसनं मांडवीला परत गेला. धोळावीऱ्याच्या खोदकामात तिच्या आजीचं हरवलेलं पातेलं सापडलं आणि सरकार ते देत नाही. ती पाणवठ्यावर अशी थाप सोडायची, आणि बायका पदर तोंडात कोंबून ती पुढच्या गावाला पोचवायच्या. खरं कुणीच मानत नसे. "खत्र्याचा माठ बिघडलाय," एवढंच म्हणत आणि थाप वाढवून पुढं देत. माठ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर यायचा.

हा माठ तसा हलीमाबाईचाच. एक्केचाळीस वर्षांपूर्वी ती धमडक्याहून नवरी होऊन आली तेव्हा बैलगाडीत तिच्या मांडीवर एक घागर होती, आणि घागरीत तिच्या बापाच्या माठातलं निळं विरजण. "दागिना मोडलास तरी चालेल, पण हिला उपाशी ठेवू नकोस," असं बाप म्हणाला होता. पुढं भूकंप झाला. बाप आणि बापाचा माठ एकाच भिंतीखाली गेले. त्यानंतर बापाचं जे काही या जगात उरलं होतं ते जुसबच्या अंगणात, गोणपाटाखाली, बुडबुडे काढत होतं. हलीमाबाई रोज सकाळी गोणपाट उचलून आत बघायची आणि बापाशी बोलल्यासारखं दोन शब्द बोलून झाकायची.

गेल्या वर्षी ती भावासोबत हजला गेली आणि तिथं उभं राहून तिनं तोबा केली, की यापुढं तोंडातून खोटा शब्द काढणार नाही. माठासाठीसुद्धा नाही. परत आली ती हजियाणीमा होऊन. गाव पाया पडलं आणि मनातल्या मनात हळहळलंही.

पहिले आठ महिने काही बिघडलं नाही. मग खारकेचा मोसम आला, आणि यंदा बागवाल्यांनी घडांना जाळ्या बांधल्या. फळ खाली पडेना. पडलं तरी त्याचा रस काढणारा एक कारखाना ते उचलून नेऊ लागला. जुसब रिकामी टोपली घेऊन बागेत उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की जगात कचरा कमी झालाय.

त्या खारकेऐवजी माठाला दुसरं काहीतरी गोड हवंच होतं. करसनच्या टपरीवर, जिथं चहा, गाठिया आणि गुरुवारी जिलबी मिळायची, तिथं जिलबीचा उरलेला पाक कढईत पडून होता. "न्या की," करसन म्हणाला, "नाहीतरी मुंग्यांनाच घालणार होतो." जुसबनं डबाभर पाक आणला आणि प्रेमानं माठाला पाजला. पाकात साखर होती, हे बरोबर. पण पाकात जिलबीचं तूपही होतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. चाळीस वर्षं कचरा हाताळलेल्या माणसाला कचऱ्यानं दिलेला हा एवढाच दगा, पण नेमका वर्मी बसला.

दुसऱ्या दिवशी माठावरचं तांबूस फूल, म्हणजे जिवंत निळीवर येणारा फेस, गेलं होतं. चौथ्या दिवशी वास आला. सातव्या दिवशी जुसबनं कापडाचा तुकडा बुडवून काढला. माठ धड असला की कापड हिरवं निघतं आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होतं. हे करडं निघालं आणि करडंच राहिलं.

"काय घातलंत त्यात?" हलीमाबाईनं विचारलं.

"जिलबीचा पाक."

"का?"

"गोड होता म्हणून."

तिनं वर तरंगणाऱ्या तुपाकडे बोट दाखवलं. जुसबनं जुन्या सुती चिंध्यांनी तुपाचा तवंग टिपला, चुना घातला, टाकळ्याचं बी उकडून घातलं, माठाभोवती ताज्या शेणाचा थर दिला. काही नाही. हलीमाबाई रोज सकाळी यायची, गोणपाट उचलायची, वास घ्यायची आणि झाकायची. ते दोन शब्द आता ती बोलत नव्हती. एक दिवस जुसबनं तिला भिंतीकडे तोंड करून डोळे पुसताना पाहिलं.

मुलगा मुंद्र्याला नोकरीला होता. त्याला फोन केला.

"अब्बा, मी इथं चार लोकांना थाप मारतो की. बंदरात पांढरी मगर आली म्हणून सांगतो."

"लांबून मारलेली माठाला लागत नाही, बेटा. आणि मगर आली असली तर?"

"नाही आली, अब्बा!"

"बरं. काळजी घे मात्र."

आता उरला जुसब. महिनाभरापूर्वीच त्यानं करसनच्या टपरीवर सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की माझा माठ मेला तरी बेहत्तर, थापा मारणं माझ्याच्यानं होणार नाही. त्यामुळे गाव त्या बाबतीत निर्धास्त होतं.

त्यानं सराव केला. आधी शेळीसमोर. "तू म्हैस आहेस," तो तिला म्हणाला, आणि इतका ओशाळला की तिला मूठभर पाला जास्त घातला. मग मंगळवारी तो टपरीवर गेला, घाम पुसला आणि पहिली थाप मारली.

"आज बुधवार."

करसननं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, जुसबकडे बघितलं, आणि कॅलेंडरचं पान फाडलं. "बघा, कसा दिवस जातो कळतच नाही," तो म्हणाला. दुपारपर्यंत लूणवांढात बुधवार लागला. दोन म्हाताऱ्या बुधवारच्या बसला जाऊन उभ्या राहिल्या. बस आली नाही म्हणून त्यांनी ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढल्या. निवृत्त शिक्षक हिरजी मास्तरांनी मंगळवारचा उपास चुकला म्हणून स्वतःला दोष दिला. हातातल्या वर्तमानपत्रावर मंगळवार छापलेला होता, तो त्यांनी छपाईची चूक म्हणून लाल पेन्सिलीनं दुरुस्त केला.

माठात एक बुडबुडा आला. एकच.

जुसबला त्या बुडबुड्यानं हुरूप आला आणि भीतीही वाटली. म्हणजे उपाय लागू होता, फक्त मात्रा कमी पडली होती. दुसऱ्या दिवशी, म्हणजे गावाच्या हिशेबानं गुरुवारी, तो पुन्हा टपरीवर गेला. बाकड्यावर मास्तर होते, चार अहीर शेतकरी होते. समोरच्या बाभळीला वाघा रबाऱ्याचा उंट बांधलेला होता. त्याचं नाव भूरियो, वय तेरा, स्वभाव वाईट, आणि तो नर आहे याबद्दल कच्छच्या रणात कुणाच्याही मनात शंका नव्हती. वाघा स्वतः कुठंतरी कळपामागं गेला होता.

जुसबनं तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. हलीमाला देवमासा सुचायचा, पातेलं सुचायचं. त्याला समोर दिसला तो उंट.

"वाघाचा भूरियो दूध देतो," तो म्हणाला.

करसनच्या हातातली गाळणी तशीच राहिली. जुसबला वाटलं, आता सगळे हसणार, आणि त्याला मनातून सुटल्यासारखं वाटलं.

"किती?" करसननं विचारलं.

"मोजलं नाही," जुसब म्हणाला, आणि हे खरं होतं.

"सकाळी देतो की संध्याकाळी?" मास्तर सरसावून बसले. त्यांना साखरेचा आजार होता आणि सांडणीचं दूध त्यावर बरं असतं असं त्यांनी ऐकलं होतं. "सांडणीच्या दुधात एवढा गुण, मग नराच्या दुधात किती असेल! जुसबभा, तुम्ही बोलला नसतात तर मी विश्वास ठेवला नसता."

ते ऐकून जुसबचे कान तापले. तो उठून घरी आला.

संध्याकाळी वाघा परतला तेव्हा त्याच्या झोपड्यासमोर तांबे, बरण्या आणि किटल्या घेऊन अठरा माणसं बसली होती. प्रकार कळल्यावर तो बराच वेळ डोकं खाजवत उंटाकडे बघत राहिला.

"जुसबभा म्हणाला?"

"स्वतःच्या तोंडानं."

"मग देत असणार," वाघा म्हणाला. "तेरा वर्षं हा माझ्याकडे आहे. मीच याला कधी विचारलं नाही."

तो बादली घेऊन भूरियोखाली बसला. पुढचं सगळं लवकर झालं. बादली विहिरीजवळ सापडली, वाघा बाभळीत. पण वाघा रबाऱ्याचं मन मोठं. बाभळीतून बाहेर येत तो म्हणाला, "लाजतोय बिचारा. एवढे लोक बघतायत ना." दुसऱ्या दिवशी त्यानं गाणं म्हणून पाहिलं. तिसऱ्या दिवशी लाथ गुडघ्यावर बसली.

पण लोक रिकाम्या हातानं गेले नाहीत. वाघाची बायको रामीबाई समजूतदार. ती मागच्या वाड्यात जाऊन सांडणीचं दूध काढायची आणि पुढं येऊन गंभीर चेहऱ्यानं वाटायची. मास्तरांची साखर उतरली. एका अहिराचा जुना खोकला गेला. दोन गावं पलीकडून ट्रॅक्टर भरून माणसं आली.

आणि माठ उठला. तूप निघालं होतं, चुना मुरला होता, शेणाची ऊब लागली होती, त्यामुळेही उठला असेल. ते तुम्ही लूणवांढात जाऊन सांगून बघा. जुसबनं गोणपाट काढलं तर वर तांबूस फूल आलं होतं, कडेनं जांभळी झाक मारत होतं. त्यानं हलीमाबाईला हाक मारली. तिनं वाकून पाहिलं, वास घेतला, आणि माठाशी ते दोन शब्द बोलली. मग नवऱ्याकडे वळली.

"उंट?" एवढंच ती म्हणाली.

"दुसरं काही समोर नव्हतं," जुसब म्हणाला.

ती हसायला लागली ती इतकी, की तिला तिथंच बसावं लागलं. जुसबनं पहिली बुडी दिली. कापड हिरवं निघालं, निळं झालं. अजून दोन बुड्या, दोन दिवस.

तेवढ्यात त्याला वाघाच्या गुडघ्याचं कळलं.

तो धावतच गेला. वाघा खाटेवर पडला होता, गुडघ्याला हळदीचा लेप, पाय लाकडासारखा ताठ. रामीबाई वारा घालत होती. थापेनं कुणाचं वाईट होता कामा नये, ही पहिली अट. जुसबचा चेहरा उतरला.

"वाघा, मी खोटं बोललो. तुझा उंट दूध देत नाही. माठासाठी थाप मारली मी."

वाघा दुखरा पाय धरून हसू लागला. "अरे जुसबभा, माझी दया आली म्हणून आता खोटं बोलायला लागलास होय? तुला जमत नाही ते. कान बघ तुझे, लाल झालेत."

"कान लाजेनं लाल झालेत!"

"थापेनंच होतात."

"रामीबेन, तुम्ही तरी सांगा. तो दूध देतो का?"

रामीबाई पंखा थांबवून म्हणाली, "अजून दिलं नाही, हे खरं. तीन दिवस मी सांडणीचं वाटतेय. तुमचा शब्द खाली कसा पडू द्यायचा? पण देईल, जुसबभा. तुम्ही म्हणालात म्हणजे आज ना उद्या देईल."

जुसब डोकं धरून टपरीवर गेला आणि भर बाजारात ओरडून सांगितलं की मी खोटं बोललो. तिथं तर भलतंच झालं. अर्धे म्हणाले, उंटाचं खोटं होतं. अर्धे म्हणाले, उंटाचं खरं आहे, माठ बिघडलाय म्हणून जुसबभा आज थाप मारतोय, आणि पहिलीच वेळ असल्यामुळे बिचाऱ्याला नीट जमत नाहीये. मास्तर दुसऱ्या पक्षात होते. साखर उतरल्याचा कागदच त्यांच्या खिशात होता.

पण मास्तर म्हणजे मास्तर. त्यांनी थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"थांबा. वाक्यं दोन. उंट दूध देतो. उंट दूध देत नाही. दोन्ही जुसबभाचीच. कुठलंही खरं धरा, दुसरं खोटं पडतं. म्हणजे काहीही झालं तरी जुसबभा एकदा खोटं बोललाच."

हे गावाला झेपलं नाही. लूणवांढात ज्याचा निकाल लागत नाही ते सगळं जुसबच्या शब्दावर चालायचं. भूकंपात बांध वाहून गेले तेव्हा कुणाचा दगड कुठं होता, हे त्यानं सांगितलं आणि लोकांनी मानलं. आता एक अहीर उठला आणि भावाला म्हणाला, "मग आपला मधला दगड?" भाऊ घरी गेला आणि पहार घेऊन आला. दोन म्हाताऱ्या विचारू लागल्या की मग तो बुधवार तरी बुधवार होता की नाही. करसन फाडलेलं पान गल्ल्याखाली शोधू लागला.

जुसबला दगडांचं काही पडलं नव्हतं. तो घरी धावला. गोणपाट उचललं. फूल गेलं होतं. पाणी नुसतं काळपट, गप्प पडलेलं. कडेला हलीमाबाई उभी होती. त्यानं तिला सगळं सांगितलं आणि मग म्हणाला, "मी मारला तुझा माठ. आधी जिलबीनं आणि आता खऱ्यानं."

"वाघाला फार लागलंय का?"

"लागलंय. चालेल पंधरा दिवसांत."

"मग सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली आणि गोणपाट पुन्हा माठावर ओढलं.

दुपारी सगळं गाव चावडीच्या कट्ट्यावर जमलं. वाघाला खाटेसकट आणलं. भूरियोही आणला, कारण चौकशी त्याचीच होती. शेवटी असं ठरलं, की हजियाणीमाला विचारायचं. तिनं मक्केत तोबा केली आहे, तिच्या तोंडून खोटं येणार नाही. ती सांगेल ते गाव मानेल.

हलीमाबाई आली. डोक्यावरची ओढणी नीट केली. मास्तरांनी घसा खाकरला.

"हजियाणीमा, एवढंच सांगा. जुसबभा खोटं बोलला का?"

तिनं वाघाच्या गुडघ्याकडे पाहिलं. पहार घेतलेल्या अहिराकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता, हात कोपरापर्यंत निळे, आणि एक्केचाळीस वर्षांत एवढा लहान तो तिला कधी दिसला नव्हता. जुसबनं मान वर करून डोळ्यांनीच सांगितलं, की खरं सांग, तुझी तोबा मोडू नकोस, माझं काय व्हायचं ते होऊ दे.

"माझा माणूस जन्मात खोटं बोललेला नाही," हलीमाबाई म्हणाली.

गर्दीतून एक सुस्कारा गेला. पण मास्तर चिवट. "मग ती दोन वाक्यं?"

"दोन्ही खरी. तो म्हणाला तेव्हा उंट दूध देत होता. आता देत नाही." तिनं भूरियोकडे पाहिलं. "आटलाय."

सगळ्यांनी उंटाकडे पाहिलं. भूरियोनं रवंथ थांबवला, आणि खरोखरच तो आटल्यासारखा दिसत होता.

"आटला!" वाघा खाटेवरून ओरडला. "तरीच! मी सारखं म्हणतोय, हा लाथा का मारतो! आटलेलं जनावर ओढलं तर लाथ मारणारच!"

"मलाही वाटलंच," रामीबाई हळूच म्हणाली.

मास्तरांनी बोटांवर दोन्ही वाक्यं पुन्हा मोजली, आणि त्यांचा चेहरा उजळला. अहिरानं पहार खाली ठेवली. आटलेल्या नराला पुन्हा दूध कसं आणावं यावर लगेच चार मतं पडली, आणि भूरियोनं एका मताला लाथ मारेपर्यंत ती चर्चा चालली. तोवर हलीमाबाई निघून गेली होती.

जुसब घरी पोचला तेव्हा ती माठाशेजारी जमिनीवर बसली होती. गोणपाट बाजूला पडलं होतं. उघडी पडलेली थाप पुन्हा झाकली गेली होती; काळपट पाण्याच्या मधोमध एक तांबूस ठिपका आला होता, आणि बघता बघता त्याच्याशेजारी दुसरा. तिचं तिकडं लक्ष नव्हतं. ती रडत होती.

"माठासाठी इतकी वर्षं बोलले, तेव्हा कधी काही वाटलं नाही," ती म्हणाली. "हे माठासाठी नव्हतं. तुम्ही तिथं तसे उभे होतात, ते मला बघवलं नाही. आणि मक्केहून आलेलं तोंड वापरलं मी त्यासाठी."

जुसब तिच्याजवळ बसला. त्यानं तिचा हात हातात घेतला, तिच्या बोटांना त्याची नीळ लागली.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "तुम्ही कधी काही लपवलं नाही माझ्यापासून. मला पाप लागलं का?"

"नाही लागलं," जुसब म्हणाला.

हलीमाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. एक्केचाळीस वर्षांत त्या तोंडातून आलेला शब्द तिनं कधी तपासून पाहिला नव्हता. आज पहिल्यांदाच तिला कळेना, की हा माणूस खरं सांगतोय, की आपल्यासाठी खोटं बोलतोय. तिनं त्याच्या कानांकडे पाहिलं. पण संध्याकाळचं ऊन नेमकं त्याच्या मागून येत होतं, आणि तशा उन्हात कुणाचेही कान लालच दिसतात.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

"नाही लागलं, हलीमा."

तिनं डोळे पुसले, मान हलवली आणि ते खरं धरून उठली. दुसरी बुडी द्यायची होती.